फोटो खरे, पत्ता खरा, नंबर खोटा

आधी आकडा सांगून टाकते. 46,453 रुपये. साधारण दीड तासात, तीन वेळा मिळून, आणि तिन्ही वेळा पिन मीच टाकला. कुणी फोन हॅक केला नाही, ओटीपी मागितला नाही, कुठली लिंक दाबायला लावली नाही. त्या सगळ्यापासून सावध राहायचं हे मला पाठ होतं. त्यामुळेच मी बिनधास्त होते.

आम्ही ऐरोलीला राहतो. मे महिन्यात नवऱ्याला रजा मिळणार की नाही हे शेवटपर्यंत लटकलेलं. मिळाली ती बुधवारी संध्याकाळी, शुक्रवारपासून चार दिवस. डोंबिवलीची नणंद, तिचे मिस्टर, त्यांची दोन मुलं, आमची दोन, सासू-सासरे आणि आम्ही दोघं, अशी दहा माणसं. सासऱ्यांचं एकच म्हणणं, हॉटेल नको, नारळ-सुपारीची वाडी असलेलं घर हवं, अंगणात बाज टाकून बसता आलं पाहिजे.

रेल्वेचा विचार केला आणि सोडून दिला. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, मेच्या शेवटच्या आठवड्याच्या कोकणातल्या गाड्या मार्चमध्येच भरलेल्या. तत्काळच्या एका तिकिटावर चारच जण बसतात. मग दोन गाड्या काढायच्या आणि पनवेल, पेण, माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला जायचं ठरलं. राहायची सोय तेवढी बाकी होती.

कुकर लावला आणि फोन फिरवायला घेतले. नागाव, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, सगळीकडे फुल. नागावच्या एका काकू तर हसल्याच, “अगं, आत्ता फोन करतेस? पुढच्या दिवाळीचं विचार.” सातआठ ठिकाणी नकार ऐकल्यावर माणसाची एक विचित्र अवस्था होते. आपल्याला जागा हवी आहे हे बाजूलाच राहतं, कुणीतरी ‘हो’ म्हणावं एवढंच उरतं.

नकाशाच्या अॅपवर दिवेआगरचं एक घरगुती निवास सापडलं. नाव लिहीत नाही, कारण त्या मालकाचा यात काही दोष नाही. भरपूर फोटो, चांगले अभिप्राय, तेही कुणाचे तीन वर्षांपूर्वीचे, कुणाचे गेल्या डिसेंबरातले. लाल मातीचं अंगण, पोफळी, पडवीत झोपाळा. मी सासऱ्यांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून ते दोनदा पाहिले आणि म्हणाले, “हेच घे.” खाली नंबर होता, तो लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

जागा होती! दोन एसी खोल्या, दोन रात्री, नाश्ता-जेवणासकट दहा जणांचे 21,600. निम्मे आगाऊ. “मॅडम, जल्दी करा, पुण्याची एक फॅमिली पण विचारते आहे.” मराठी थोडं मोडकं होतं, पण हल्ली कोकणात व्यवस्थापक कुठूनही आलेले असतात, असं मीच स्वतःला समजावलं. जेवणाचं विचारलं तर म्हणाला, “सगळं मिळेल, पनीर, छोले, जे बोलाल ते.” इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. दिवेआगरातला घरमालक आधी विचारतो माणसं किती, मुलं किती, मासे खाता का, आणि मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा म्हणतो. छोले कोण देतं?

सव्वासातला 10,800 पाठवले. पिन टाकायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव आलं, ते भलत्याच कुणाचं तरी. “ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे.” बरं.

पाच मिनिटांत त्याचा फोन. “मॅडम, बुकिंग फेल दाखवतंय. सिस्टिममध्ये 10,802 ची एंट्री होती, दोन रुपये टोकनचे. तुम्ही 10,800 टाकले म्हणून जीएसटीचं बिल बनत नाही. 10,802 एकदम टाका, आधीचे आपोआप रिटर्न होतील.” मी म्हटलं, नुसते दोन रुपये पाठवते. तर नाही, एकाच व्यवहारात पाहिजेत. त्याने व्हॉट्सअॅपवर बिलाचा फोटोही पाठवला, वर लाल अक्षरांत ‘पेंडिंग’. इतका वेळ मी खोलीसाठी पैसे देत होते. इथून पुढे मी दिलेले पैसे सोडवण्यासाठी पैसे देत होते, आणि हा फरक मला तेव्हा कळला नाही. पाठवले.

आता दोन्ही रकमा ‘अडकल्या’. त्याचा सूर अगदी काळजीचा. “टेन्शन घेऊ नका मॅडम, मी लाइनवर आहे, आत्ताच रिफंड करून देतो.” पैसे पाठवायचं पान उघडायला लावलं. “आता अमाउंट नाही टाकायची, रिफंड कोड टाकायचा. दोन, चार, आठ, पाच, एक.” मी टाकला. पडद्यावर 24,851 दिसलं, त्याच्या आधी रुपयाचं चिन्ह. मी विचारलं, हे रुपये कसे दाखवतंय? “ते सिस्टिमचं चिन्ह आहे, ती चौकट तशीच असते. पैसे असते तर असा वाकडा आकडा कशाला दिला असता?”

हे वाक्य मी आजही विसरत नाही. मला ते पटलं! कुकरच्या शिट्ट्या, धाकट्याची भुणभुण, आणि फोन ठेवला तर आधीचे एकवीस हजार गेले ही भीती. मी पिन टाकला.

पैसे आपल्याकडे येणार असतील तर पिन लागत नाही. हे वाक्य मी स्वतः सोसायटीच्या ग्रुपवर पुढे पाठवलेलं आहे.

त्याने आणखी एक ‘कोड’ द्यायला सुरुवात केली तेव्हा खात्यात तेवढे पैसेच नव्हते. मी थांबले ती शहाणपणाने नाही. नवरा खालून दूध घेऊन आला, त्याने माझा चेहरा पाहिला आणि फोन हातातून काढून घेतला. पावणेनऊ झाले होते.

पुढचं भराभर सांगते, कारण इथे घड्याळच महत्त्वाचं असतं. नवऱ्याने लगेच 1930 लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी बँक, वेळ, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारला. तो यूपीआय अॅपच्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, पण हात थरथरत असताना सापडत नाही. आत्ताच एकदा उघडून बघून ठेवा. तक्रार क्रमांकाचा मेसेज आला, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर स्क्रीनशॉटसह तक्रार पूर्ण केली. बँकेला फोन करून यूपीआय बंद केलं. तिथली बाई सौम्यपणे म्हणाली, “मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना?” यावर काय बोलणार.

पहिल्या दोन रकमा तोवर दुसऱ्या खात्यांतून बाहेर पडल्या होत्या. 24,851 मात्र होल्ड झाले. ते अजून हातात आलेले नाहीत, पण कुठेतरी आहेत एवढं तरी माहीत आहे.

रात्री झोप कसली. त्या घराचे फोटो पुन्हा बघत बसले. एका पर्यटकाने दोन वर्षांपूर्वी टाकलेला फाटकाचा फोटो होता. संध्याकाळी मी तो त्यातल्या माडांसाठी पाहिला होता. आता मोठा केला, तर फाटकावरच्या पत्र्याच्या पाटीवर निळ्या रंगात नाव आणि खाली फोन नंबर. मी लावलेला तो नव्हताच.

सकाळी पाटीवरचा नंबर लावला. वयस्कर आवाज. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “ताई, माझ्याकडे या आठवड्याचं फेब्रुवारीतच भरलंय. आणि जीएसटी कसला? माझी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या जवळपासही नाही, मला नोंदणीच लागत नाही.” नकाशावर कुणीही ‘बदल सुचवा’ म्हणून दुसरा नंबर टाकू शकतं, आणि कधीकधी तो स्वीकारलाही जातो. त्यांच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा झालं होतं. मुलगा पुण्याहून येतो तेव्हा दुरुस्त करतो.

म्हणजे अभिप्राय वाचा, फोटो बघा, पत्ता तपासा, हे सगळं मी केलं होतं आणि ते सगळं खरंच होतं. खोटे होते फक्त दहा आकडे. म्हणून हल्ली मी एवढं करते: नंबर दुसरीकडून जुळवून घेते, जुन्या फोटोतली पाटी मोठी करून बघते, नाहीतर गावातल्या दुसऱ्या खाणावळीला फोन करून ‘तुमच्या शेजारच्यांचा नंबर काय हो’ विचारते. कोकणात हे विचारलं तर कुणी रागावत नाही, उलट चार गोष्टी जास्त सांगतात. आणि व्हिडिओ कॉल करून अंगण दाखवायला सांगते. खरा मालक कंटाळत का होईना, दाखवतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं गाव भरलेलं असताना ज्याच्याकडे दोन एसी खोल्या रिकाम्या आहेत, त्याच्याकडे वाडी असेलच असं नाही.

सुट्टीचं म्हणाल, तर सासूबाईंनी माहेरी मुरबाडला भावाला फोन लावला. मामा म्हणाले, “विचारायचं काय त्यात? या.” पाणी टँकरचं होतं, एसी नव्हता, मुलांनी करवंदं खाऊन कपडे डागाळून घेतले. सासऱ्यांना अंगण आणि बाज दोन्ही मिळालं. पैशांबद्दल घरात कुणी मला चकार शब्दाने बोललं नाही, हे मला जास्त लागलं.

दिवेआगरच्या काकांना मी नकाशावरचा नंबर दुरुस्त करून दिला होता आणि पाटीचा फोटो अभिप्रायासोबत टाकला होता. परवा सहज उघडून पाहिलं. तिथे आता तिसराच नंबर आहे.