बुखारी बसवावी की हीटर घ्यावा? विदर्भातल्या घराचा हिशेब

हिमाचल फिरून आलेले लोक तिथली बुखारी पाहून भारावतात. लोखंडी पत्र्याची बंद शेगडी, वर धुराडं, आत लाकडं जळताहेत आणि खोलीत धुराचा वाससुद्धा नाही. मग गावी परतल्यावर विचार येतो, आपल्याकडे बसवली तर? यंदा मला दोघांनी हेच विचारलं. आमचं घर परतवाड्याजवळ सपाटीवर आहे, मामांचं चिखलदऱ्याला. त्यांच्याकडे बुखारी आहे, आमच्याकडे हीटर. दोन्ही घरांत हिवाळे काढलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आपली थंडी मोजा. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला होता. गोंदियाकडेही दहाच्या खाली जाणाऱ्या रात्री येतातच. तरी सपाटीवरचा खरा कडाका डिसेंबर-जानेवारीतल्या काही आठवड्यांचा आणि तोही रात्रीचा. दुपारी अंगणात स्वेटर काढून ठेवावा लागतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. तिथे वारा झोंबतो, ऊन लवकर उतरतं, आणि संक्रांत होऊन महिना उलटला तरी संध्याकाळी शेकायला काहीतरी लागतं. हा फरक ध्यानात न घेता खरेदी केली, तर बुखारी वर्षातले अकरा महिने कोपरा अडवून बसेल.

कोळशाच्या शेगडीचा विषय मी एका घटनेनं संपवतो. काही वर्षांपूर्वी आई-बाबांनी शेगडी पेटवून खोलीत आणली आणि दार लावून झोपले. निखारे लाल होते, धूर अजिबात नव्हता, म्हणून कुणालाच भीती वाटली नाही. पहाटे आई पाणी प्यायला उठली आणि उंबऱ्यातच कोसळली. दार तेवढं उघडलं गेलं म्हणून दोघं वाचले. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. शेगडी सपरीत (ओसरीत), अंगणात खुशाल वापरा. झोपायच्या खोलीत नको, खिडकी किलकिली ठेवूनही नको.

उघडी चूल घरोघरी आहेच आणि तिच्याभोवती बसण्याचं सुख मी नाकारत नाही. पण तिची ऊब आणि धूर एकाच वाटेनं जातात. धूर घालवायला दार उघडलं की ऊबही गेली. आमच्याकडे या धुराचा विचार फार आधीच झाला होता, हे इथे सांगायलाच हवं. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या कामातून धुराड्याची ‘मगन चूल’ निघाली, ती १९४०च्या दशकात. ती स्वयंपाकासाठी होती, खोली तापवण्यासाठी नव्हे. पण बाईच्या डोळ्यांतला धूर हा घराचा प्रश्न आहे, हे तिनं मान्य केलं होतं.

आता बुखारी. ज्यानं न्हाणीतला बंब पेटवला आहे, त्याला ती लगेच कळेल. बंबात मधल्या नळीतून आग वर जाते आणि भोवतीचं पाणी तापतं. इथे पाण्याऐवजी खोलीतली हवा तापते. आत येणारी हवा झडपेनं कमीजास्त करता येते, म्हणून लाकूड भसाभस न जळता सावकाश जळतं. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ४ युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या बुखारीतून त्यातली ६० ते ७० टक्के खोलीला मिळते. २००० वॅटचा हीटर ४ तास चालवून मिळते तेवढी ऊब तीन-साडेतीन किलो लाकडात झाली. महिन्याचा क्विंटलभर धरा.

पण लाकूड कोणतं? ओल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असतं. आग ते पाणी उडवण्यात खर्ची पडते आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते. तीच पुढे पेट घेते. मामा संक्रांतीनंतर धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बाभूळ तोडून फोडून ठेवतात. एप्रिल-मेचं आपलं ऊन लाकूड असं वाळवतं की दुसऱ्या भट्टीची गरज नाही. मृगाच्या आधी ते शेडखाली गेलं पाहिजे. दोन ओंडके एकमेकांवर आपटले आणि खणखणीत आवाज आला, की ते तयार झालं.

कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या फुकट मिळतात म्हणून त्यांच्या भरवशावर बुखारी घेऊ नका. त्या क्षणात भडकतात, क्षणात विझतात. माणसाला समोर बसून भरवत राहावं लागतं. शिवाय पऱ्हाट्यांचा ढीग उन्हाळाभर घराशी ठेवणं म्हणजे गुलाबी बोंडअळीला आसरा देणं. २०१७ साली तिनं कपाशीचं काय केलं, ते आपण पाहिलं आहे. धुऱ्यावर साग, मोह, आंबा, खैर असेल तर तोही विनापरवानगी तोडता येत नाही, १९६४चा कायदा आहे. आणि सरपण जंगलातूनच आणायचं असेल, तर मी स्पष्ट नको म्हणेन. मोळी शेवटी घरातली बाईच आणते, आणि चंद्रपूरकडे सरपणाला गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या आहेत. त्या उबेची ही किंमत नाही.

धुराड्यात काटकसर करू नये. नळी शक्यतो सरळ, सहा इंची, आढ्याच्या वर दोन-तीन फूट निघालेली, टोकाला पावसासाठी टोपी. कवेलूंखालच्या (कौलांखालच्या) लाकडांपासून आणि बांबूपासून तापलेली नळी दीड फूट दूर राहिली पाहिजे. हिवाळ्याआधी काजळी झाडायची. खोलीत बाहेरची हवा यायला झरोका हवा. धुराडं असलं तरी विषारी वायूचा धोका शून्य होत नाही.

हीटरचं सगळंच सोपं, फक्त बिल सोडून. २००० वॅटचा हीटर रोज ४ तास चालवला तर ८ युनिट, म्हणजे महिन्याला २४०. ज्या घराचं बिल १०० युनिटांच्या आत असतं, ते पुढच्या महाग टप्प्यात जातं. पण हे महिना-दीड महिनाच. २००० वॅटला १५ अँपिअरचा बोर्ड लागतो. पंख्याच्या साध्या प्लगावर लावला तर तार वितळते. दुसरी अडचण दाबाची. रब्बीचं ओलीत सुरू असताना आमच्याकडे रात्री १८० व्होल्टपर्यंत दाब उतरतो, तेव्हा २००० वॅटचा हीटर जेमतेम १२०० वॅट देतो. तापलेल्या सळयांचा हीटर वाकळीपासून तीन फूट लांब ठेवायचा.

काहीही घ्या, पण त्याआधी छपराकडे पाहा. टिनाखाली केलेली ऊब तासाभरात निघून जाते. आम्ही बाबांच्या खोलीत टिनाखाली बांबूचा तट्टा बांधला, दाराच्या फटी बुजवल्या, आणि रात्रभर लागणारा हीटर झोपायच्या आधी दोन तासांवर आला. हा तट्टा उन्हाळ्यातही कामी येतो. मात्र त्या खोलीत बुखारी बसवायची तर नळीभोवतीचा तट्टा कापून टाकावा लागेल.

म्हणून सपाटीवर राहणाऱ्या, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असणाऱ्या कुटुंबाला मी तट्टा आणि एका खोलीपुरता हीटर सांगतो. चिखलदरा-सेमाडोहकडे घर असेल, स्वतःच्या धुऱ्यावर बाभूळ किंवा सुबाभूळ असेल आणि वीज वरचेवर जात असेल, तर बुखारी घ्या. ती यंदा घ्यायची असेल, तर लाकूड मागच्या उन्हाळ्याचं वाळलेलं आहे का, हे आधी पाहा. नसेल, तर यंदा धुराडं बसवून घ्या आणि पेटवा पुढच्या हिवाळ्यात.