ओल मोजायचं मीटर: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये सासूबाईंच्या खोलीत कुबट वास यायला लागला. गादी उन्हात टाकली, कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या, वास जाईना. भिंती तर कोरड्याठाक दिसत होत्या. सासूबाईंना दमा आहे, रात्री खोकल्याची उबळ आली की उठून बसायच्या. शेवटी बाराशे रुपयांचं दोन टोकदार पिनांचं मॉइश्चर मीटर मागवलं. सोबत हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटरही घेतला.

हे मीटर बुरशी शोधत नाही, ओल शोधतं. दोन पिनांमधून वीज किती सहज जाते त्यावरून आकडा येतो आणि तो लाकडासाठी जुळवलेला असतो. म्हणजे प्लास्टरवर २० आलं तर भिंतीत वीस टक्के पाणी आहे असं धरू नका. घरातली नक्की कोरडी भिंत आधी मोजा आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघा. आमच्या हॉलची मधली भिंत ९ दाखवायची. सासूबाईंच्या कपाटालगत, जमिनीपासून वीतभर उंचीवर आलं २८! कमरेपाशी १७, डोक्यापाशी १०.

पाणी खालून चढत होतं. ती भिंत बाहेरची नाहीच, पलीकडे बाथरूम आहे. दोघांनी मिळून कपाट ओढलं. पाठीच्या प्लायवर हिरवट-काळी बुरशी, मखमलीसारखी दाट. खालच्या कप्प्यात सासूबाईंचं काळं इरकल, घडीच्या कडेवर पांढरे ठिपके. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता पदर उलगडून बघत राहिल्या.

प्लंबर म्हणाला, "ताई, पावसाळ्यात एवढं असतंच." मग आम्ही ते बाथरूम चार दिवस बंद ठेवलं. बाहेर धो धो पाऊस, तरी आकडा २४ वर उतरला. तो वहीत लिहून दाखवला तेव्हा प्लंबर फरशी उकरायला तयार झाला. नहाणीच्या जाळीभोवतीचा सांधा सुटलेला निघाला.

प्लायची पाठ टाकून दिली. भिंत साबणाच्या पाण्याने पुसली, एन-९५ मास्क लावून, खोलीचं दार लावून. कोरड्या ब्रशने घासू नका, बुरशीचे कण घरभर उडतात. रंगारी घाई करत होता, पण आकडा १२ च्या खाली येईपर्यंत मी त्याला भिंतीला हात लावू दिला नाही. त्याला सप्टेंबर संपला. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

उणिवाही सांगते. लोणा आलेल्या भिंतीवर मीटर उगाच जास्त दाखवतं, कारण क्षारांतूनही वीज जाते. पिनांखाली धातू आला तरी तेच. टाइल्सवर उपयोग नाही. रंगावर बारीक भोकं पडतात, म्हणून कपाटामागे आणि स्कर्टिंगच्या वरच टोचते.

हायग्रोमीटर मात्र प्रत्येकाने घ्यावा असं मनापासून वाटतं. जुलैत खोलीत ७८ टक्के असताना बंद कपाटात ८६ होते. साठच्या वर आर्द्रता बरेच दिवस राहिली की बुरशीला आयतंच फावतं. आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे असतं आणि दुपारी दारं उघडी.

इरकल धुऊन आलं, दोन डाग राहिलेत. संक्रांतीला सासूबाई तेच नेसल्या. सध्या लक्ष स्वयंपाकघरातल्या सिंकखाली आहे. तिथल्या लाकडी फळीवर काल १६ आलं, महिन्याभरापूर्वी ११ होतं. पाइपचा जोड रविवारी उघडून बघणार आहोत.