बुजऱ्या पिल्लाला फिरवायचं कुठे: टेकडी की मंडई?

कुत्र्याची पिल्लं साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात नवं जग सहज स्वीकारतात. पण सहा-आठ महिन्यांचं बुजरं पिल्लू घरी आलं, तरी वेळ गेलेली नसते. फक्त घाई चालत नाही.

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी माणसं दिसतात ती लांबून. काठी टेकत येणारे आजोबा दिसले की पिल्लाला थांबू द्या, मनसोक्त बघू द्या, मग पनीरचा तुकडा द्या. किती जवळ जायचं हे तिथे आपल्या हातात असतं, आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे. मोर आणि भटकी कुत्री भेटतात, तेव्हा पट्टा सोडू नका.

मंडईत रिक्षा, आरोळ्या, मुलं, सगळं एकदम अंगावर येतं. शेपटी पायांत गेली, जीभ सारखी ओठांवरून फिरू लागली, आवडता खाऊही नाकारला, तर ते शिकत नाहीये, नुसतं सोसतंय. ‘होईल सवय’ म्हणत त्याला ओढत नेणं मला क्रूर वाटतं.

माझा कौल टेकडीला, तोही चांगले दोन-तीन महिने. मंडई त्यानंतर: सकाळी गाळे उघडत असताना, रस्त्याच्या पलीकडून, पाचच मिनिटं.