मेटाबेसमधली व्हेरिएबल्स: खरीप आणि रब्बी, दोन्ही हंगाम वापरून झाल्यावर

खतं-बियाण्यांचा घाऊक धंदा, आणि त्यातलं अहवालांचं खातं माझ्याकडे. पूर्वी जिल्हा बदलला की क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, हीही नवीन. जुनी कॉपी करायची, नाव बदलायचं, सेव्ह करायची. फोल्डरमध्ये ‘सोलापूर मार्च फायनल नवीन’ छापाच्या नावांची जत्रा भरली होती. मग डेटाबेसमधून अहवाल काढून देणाऱ्या मेटाबेस या सॉफ्टवेअरची मोफत, मुक्तस्रोत आवृत्ती आमच्याच सर्व्हरवर चढवली. मागे डेटाबेस पोस्टग्रेस.

तत्त्व सोपं आहे. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेत, जिथे मूल्य बदलायचं तिथे दुहेरी महिरपी कंसात एक नाव लिहायचं. लगेच अहवालाच्या माथ्यावर त्या नावाची चौकट उगवते. मग त्या व्हेरिएबलचा प्रकार निवडायचा: मजकूर, आकडा, तारीख, फील्ड फिल्टर वगैरे. चौकटीवर दिसणारं नाव मराठीत देता येतं. ‘जिल्हा’, ‘हंगाम’, ‘विक्रेता’ असं लिहिल्यावर वसुलीच्या माणसांचे फोन बरेच कमी झाले.

यातला फील्ड फिल्टर हाच खरा कामाचा. साधं मजकुराचं व्हेरिएबल बरोबरीच्या अटीत वापरलं तर अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, आणि जिल्ह्यांच्या नावात ते जुळत नाही. औरंगाबाद आणि उस्मानाबादचं नामांतर २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं २०२४ मध्ये. आमच्या टेबलात जुनी बिलं जुन्या नावाने आहेत, नवीन बिलं नव्या. चौकटीत ‘धाराशिव’ टाइप केलं की जुनी विक्री गायब, आणि जिल्ह्याचा धंदा अचानक वाढल्यासारखा दिसतो. फील्ड फिल्टर प्रत्यक्ष कॉलमला जोडलेला असतो. कॉलममध्ये असलेली सगळी नावं तो यादीत दाखवतो आणि एकापेक्षा जास्त निवडूही देतो. दोन्ही नावांवर टिचकी मारली की काम झालं. (मुळात नावं टेबलातच एकसारखी करायला हवीत, हे मान्य. पण जुन्या बिलांना हात लावायला कोणता सीए परवानगी देईल?)

एक खोच आहे. फील्ड फिल्टरच्या आधी कॉलमचं नाव आणि बरोबरचं चिन्ह लिहायचं नाही, नुसते कंस. पूर्ण अट तो स्वतः तयार करतो. नवशिके इथेच अडकतात.

तारखांबाबत मात्र सावध राहावं लागतं. ‘हे वर्ष’ निवडलं की जानेवारी ते डिसेंबर. तिमाहीचंही तेच. एप्रिल ते जून ही आपली पहिली तिमाही, पण इथे ती दुसरी. आकडे बरोबर असतात, नाव चुकीचं, आणि बैठकीत वाद होतो तो नावावरून. रब्बीची तर आणखी गंमत, कारण हा हंगाम दोन वर्षांवर पसरलेला. यावर उपाय म्हणून आर्थिक वर्षासाठी आकड्याचं व्हेरिएबल ठेवलं. २०२४ लिहिलं की १ एप्रिल २०२४ पासून १ एप्रिल २०२५ च्या आधीपर्यंत. ‘३१ मार्चपर्यंत’ अशी अट मुद्दाम घातली नाही. कॉलममध्ये तारखेबरोबर वेळही असेल तर ती अट ३१ मार्च उजाडायच्या आधीच, रात्री बाराच्या ठोक्याला संपते आणि त्या दिवसाची बिलं गळतात. मार्चअखेरीला आमच्याकडे बिलांचा किती पाऊस पडतो ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

टेबलाचं नाव मजकुराच्या व्हेरिएबलमधून देता येत नाही. जुन्या सॉफ्टवेअरने दर वर्षाचं वेगळं टेबल केलेलं असेल तर वर्ष निवडून टेबल बदलायचा विचार सोडा, सगळी टेबलं जोडून एक व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी, साठवलेली क्वेरी) करा.

माझ्या मते या सगळ्यात डोकं लागतं ते रिकाम्या चौकटीला. अटीभोवती दुहेरी चौकोनी कंस घातले की चौकट रिकामी असताना ती अट गळून पडते. सोय आहे, पण मग जिल्हा न निवडता अहवाल उघडणाऱ्याला अख्ख्या राज्याचे आकडे दिसतात आणि तो ते आपलेच समजतो. सर्व्हरवर भार पडतो तो वेगळाच. म्हणून थकबाकीच्या अहवालात जिल्हा सक्तीचा केला आणि मालसाठ्याच्या अहवालात ऐच्छिक ठेवला. गोदामवाल्याला सगळं दिसलेलं हवंच असतं.

फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे, हेही ध्यानात ठेवा. नांदेडचा माणूस चौकटीत लातूर निवडू शकतो. ज्याला त्याला आपल्याच ओळी दिसाव्यात अशी सोय सशुल्क आवृत्तीत आहे, मोफत आवृत्तीत नाही. आमच्याकडे नफ्याचे अहवाल त्यामुळे वेगळ्या फोल्डरमध्ये, मोजक्या लोकांपुरते आहेत.

भरलेली मूल्यं लिंकमध्येही उतरतात, हे मला उशिरा वापरात आणता आलं पण सगळ्यात जास्त आवडलं. जिल्हा आणि वर्ष भरून लिंक व्हॉट्सअॅपच्या गटात टाकली की समोरच्याला लॉगिन केल्यावर तयार अहवाल मिळतो. आता विक्री अधिकारी आपापली लिंक फोनवर जपून ठेवतात आणि नवीन अहवाल मागायला येतात ते खरंच काही नवीन हवं असेल तेव्हाच.