गुळवेलीच्या कुळाचे हर्बेरियम नमुने: ताडून बघण्यासारखे

सह्याद्रीतल्या गुळवेल, वासनवेल, पहाडवेलींची ओळख पक्की करायची तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह, गाठावंच. नमुना समोर आला की पानांआधी फुलं बघा. या वेलींत नर-मादी वेगळे. नरवेलीच्या कागदावर चंद्रकोरीसारखी बी मिळणारच नाही. गुळवेल बहुधा निष्पर्ण असताना फुलते, म्हणून दोन हंगामांतले कागद एकत्र मिळाले तर सोनंच!

खरा घोळ पहाडवेलीचा. सिसॅम्पेलॉस आणि सायक्लिया या दोन वेगळ्या प्रजाती (genus), दोन्हींना तेच नाव, दोन्हींत देठ पानाच्या कडेपासून आत चिकटलेला. भिंगाखाली नरफुलाची निदलं (पाकळ्यांबाहेरची हिरवट दलं) बघा: सायक्लियात ती जुळून पेला होतो, सिसॅम्पेलॉसमध्ये सुटी. पाकळ्या मात्र सिसॅम्पेलॉसमध्येही जुळलेल्या असतात, फसू नका.

जुन्या लेबलवरचं टिनोस्पोरा मलबारिका (टिनोस्पोरा ही गुळवेलीची प्रजाती) आता टिनोस्पोरा सायनेन्सिस या नावाखाली शोधा.