टाकी जुनीच, बिल नव्याचं

जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी गंजली म्हणून बदलायला देणार असाल, तर नवी टाकी बसवण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि जुनी टाकी ताब्यात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रत्नागिरीच्या एका गॅरेजमध्ये टाकी, पंप आणि पाइप असे मिळून बाबांकडून साडेअठरा हजार रुपये घेतले. यातलं काहीही नवीन बसलेलं नव्हतं.

गाडी 2005 ची मारुती 800. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू केली होती, ती मुदतही 2025 मध्ये संपत आली होती. त्याच सुमारास मागच्या सीटवर पेट्रोलचा वास यायला लागला. सपाटीला गाडी नीट चालायची, पण आंबा घाट चढताना आचके द्यायची. समुद्राजवळच्या जुन्या गाड्यांना हे दुखणं लागतंच. खारी हवा आणि टाकीच्या वर अडकून राहिलेला ओला चिखल यांनी पत्रा बाहेरून सडतो. आतून सडण्याचं कारण वेगळं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी बरेच दिवस उभी राहिली, की हवेतलं बाष्प आतल्या पत्र्यावर धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं आणि तळ खातं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही ओलावा ओढून घेतं. या गंजाची भुकटी पंपाच्या जाळीत आणि फिल्टरमध्ये अडकते. मग चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, नेमकं तेव्हाच ते कमी पडतं.

गॅरेजवाल्याने हे सगळं बरोबर ओळखलं, म्हणूनच बाबांचा विश्वास बसला. “काका, या टाकीवर गाडी पासिंगला उभी पण करून घेणार नाहीत,” असंही त्याने वर ऐकवलं. काम चालू असताना मी बघायला गेले, तर “ताई, तिकडे नको, खाली सगळं ऑइल सांडलंय” म्हणून मला बाहेरच थांबवलं. गाडी न्यायला गेलो तेव्हा कोपऱ्यात पडलेली एक भोकं पडलेली टाकी दाखवली. “ही बघा तुमची. भंगारात टाकतो.” मी मोबाइलवर तिचा फोटो काढला. गाडीखालून वाकून बघितलं तर सगळं काळं कुळकुळीत, नवंकोरं दिसत होतं. बिल मात्र साध्या कागदावर, नुसते आकडे.

पावसाळ्यात वास परत आला, या वेळी खाली थेंबही पडायला लागले. दुसऱ्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली. त्यांनी आधी टाकीकडे बघितलंच नाही, बोल्टकडे बघितलं. बोल्टवरचा गंज आणि त्यावरचा काळा रंग सलग होता, कुठे पान्याचा ओरखडासुद्धा नाही. म्हणजे टाकी उतरवलेलीच नव्हती. मग स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला. खालून एम-सील निघालं आणि एम-सीलखालून कागदासारखा पातळ झालेला पत्रा. गंजलेल्या लोखंडी पाइपचा तुकडा कापून मध्ये रबरी नळी घातली होती, तीही पाण्याची. पेट्रोलने फुगून ती मऊ पडली होती, बोटाने दाबली तर दबायची. गरम सायलेन्सरपासून ती फार लांब नव्हती. या गाडीतून बाबा आईला घेऊन रोज बाजारात जात होते. पैशांचं एक वेळ सोडा, पण हे आठवलं की माझा अजूनही संताप होतो.

मी मोबाइलमधला फोटो दाखवला. मिस्त्री म्हणाले, “ही तुमची टाकीच नाही. हिच्यात पंप बसायला जागा कुठाय? ही कार्ब्युरेटरच्या गाडीची.” आमची गाडी एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, तिचा पंप टाकीच्या आत असतो. टाकी उतरवल्यावर तो पंपही जुनाच निघाला, जाळी तपकिरी गाळाने भरलेली.

तेव्हा काम देण्याआधी आपल्या टाकीचे, बोल्टचे आणि पाइपचे फोटो काढून ठेवा. नवा पार्ट खोक्यातून निघताना बघा, खोक्यावरचं लेबल आणि पार्ट नंबर यांचा फोटो घ्या आणि तोच नंबर जीएसटी बिलावर लिहून मागा. काम झाल्यावर बोल्ट हलल्याची खूण दिसते का ते पाहा. जुन्या पत्र्यावर ताजा काळा कोट दिसला, तर तो कशासाठी मारला हे विचारा. नळी बदलली असेल तर ती पेट्रोलचीच आहे ना, याची खात्री करा. कुणी “टाकीला वेल्डिंग करून देतो” म्हणालं तर गाडी सरळ परत आणा. टाकी रिकामी केली तरी आत पेट्रोलची वाफ राहते आणि ठिणगीने ती फुटते. नीट धुऊन वाफ काढण्याची सोय असलेल्या माणसाचंच ते काम आहे. आणि वास येत असेल, तर गाडी चालू न करता मेकॅनिकला घरी बोलवा.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, “तुम्हीच बाहेर जाऊन नवा माल काढून जुना बसवून आणलात.” मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवली. सोबत यूपीआयने पैसे दिल्याची नोंद, त्याने दाखवलेल्या टाकीचा फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद जोडला. दहा हजार परत आले. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची कागदपत्रं तयार आहेत. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. एम-सील लावलेली टाकी आणि ती फुगलेली नळी मी भंगारात दिलेली नाही, तारीख लागली की तिथे घेऊन जाणार आहे.