द डान्सर अपस्टेअर्स: थ्रिलर आहे, पण घाई अजिबात नाही

थ्रिलर म्हणून लावाल आणि गाड्यांचा पाठलाग, धडाधड गोळीबार वगैरेची वाट बघत बसाल तर अर्ध्या तासात रिमोटकडे हात जाईल, आधीच सांगते. ‘द डान्सर अपस्टेअर्स’ हा २००२ चा पिक्चर, जॉन माल्कोविचने डायरेक्ट केलेला पहिलाच, मेन रोलमध्ये हावियेर बार्देम. लॅटिन अमेरिकेतला कुठलातरी देश, नाव मुद्दाम सांगितलेलंच नाही, पण ज्याला थोडाफार इतिहास माहितीये त्याला लगेच कळतं की हा पेरू आहे आणि ज्याच्या मागावर पोलीस आहेत तो ‘एझेकिएल’ म्हणजे शायनिंग पाथ या तिथल्या बंडखोर संघटनेचा नेता अबिमाएल गुझमान.

बार्देमचा रेहास हा आधी वकील होता, त्या धंद्याला वैतागून पोलिसात आलाय. वडिलांचा कॉफीचा मळा सरकारने काढून घेतलेला, त्यामुळे सरकारबद्दल त्याला काडीचं प्रेम नाही. आणि तरी तो त्याच सरकारसाठी एका माणसाला शोधतोय ज्याला पण हेच सरकार उलथवायचंय. पिक्चरमधली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट हीच आहे असं मला वाटतं. यावर एकही भाषण नाही, बार्देम नुसता दमलेल्या चेहऱ्याने वरिष्ठांचं ऐकून घेतो, फाईल उचलतो आणि निघतो, बस. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर टेबलावर मूठ आपटून डायलॉग मारला असता.

सुरुवातीला शहरात खांबांना मेलेली कुत्री लटकवलेली दिसतात. बघताना वाटतं की डायरेक्टरने जरा जास्तच केलंय, पण हे खरंच झालेलं आहे. डिसेंबर १९८० मध्ये लिमाच्या, म्हणजे पेरूच्या राजधानीच्या लोकांनी सकाळी उठून बघितलं तर रस्त्यातल्या खांबांवर कुत्री टांगलेली आणि त्यांच्यावर चीनचा तेव्हाचा नेता देंग श्याओपिंगला शिव्या देणाऱ्या पाट्या! गुझमान माओवादी, त्याच्या मते देंगने माओशी गद्दारी केली होती. आता लिमातल्या दूधवाल्याला न् बसची वाट बघणाऱ्याला देंगशी काय देणंघेणं, पण भीती मात्र बरोब्बर पोचली. पिक्चरने ही गोष्ट छान पकडलीये, हल्ले होतात, माणसं मरतात, पण कोणी जाहीरनामा काढत नाही, मागण्या नाहीत, नेता समोर येत नाही. पोलिसांना शत्रू कोण तेच कळत नाही, आणि नुसत्या बॉम्बस्फोटापेक्षा हे जास्त अंगावर येतं.

शोधाचा भाग तर मला फारच आवडला. इथे इन्फॉर्मरला उलटं टांगून पत्ता काढत नाहीत, पोलीस चक्क कचरा चिवडतात. घरातून बाहेर पडणाऱ्या पिशव्या उचलायच्या, आत काय काय आहे त्याची नोंद करायची, आणि त्यातून आत कोण राहतं याचा अंदाज बांधायचा. खऱ्या केसमध्ये पण हेच झालं होतं. गुझमानला सोरायसिस हा कातडीचा आजार होता, कचऱ्यात त्या औषधाच्या रिकाम्या ट्यूब सापडल्या, त्याच्या ब्रँडच्या सिगरेटची थोटकं सापडली, आणि १२ सप्टेंबर १९९२ च्या रात्री लिमाच्या सुर्किल्यो भागातल्या एका घरात, खाली बॅले क्लास आणि वरच्या मजल्यावर तो, असा रक्त न सांडता पकडला गेला. हा स्पॉयलर म्हणू नका, पिक्चरच्या नावातच अर्धा पत्ता आहे.

आता तक्रारी.

पहिली म्हणजे लव्हस्टोरी. रेहासची मुलगी बॅले शिकते, टीचर योलांदा म्हणजे लाउरा मोरांते, मुलीला सोडता-आणताना साहेब तिच्यात गुंतत जातात. दोघांची कामं चांगली आहेत, वादच नाही, लाइट गेलेले असतानाचे त्यांचे सीन तर मस्तच. पण यामुळे होतं काय की सगळा तपास एका उदास हिरोच्या मनाचा खेळ बनतो, आणि योगायोग इतका मोठा आहे की गिळताना त्रास होतो, अख्ख्या शहरात नेमकी हीच टीचर का बाबा. खऱ्यात असला योगायोग नव्हताच. तिथे होतं १९९० मध्ये बनवलेलं पोलिसांचं एक छोटंसं पथक, सुरुवातीला धड साधनंही नसलेलं, ज्यांनी महिनोन्महिने एकेका घरावर पाळत ठेवली. १९९१ च्या एका छाप्यात त्यांना व्हिडिओ मिळाला, त्यात हा महान क्रांतिकारक नेता पार्टीत ग्रीक ट्यूनवर नाचतोय! तोपर्यंत पोलिसांकडे त्याचे जुने फोटोच होते, तो आता कसा दिसतो हे त्यातून कळलं. आणि पकडायच्या रात्री आत पहिल्यांदा घुसली ती जोडपं असल्याचं नाटक करणारी दोन साध्या वेशातली माणसं, त्यातली एक बाई. एवढा भारी मसाला हाताशी असताना रोमान्सची गरज का पडली? मूळ निकोलस शेक्सपियरच्या कादंबरीतच हे प्रकरण आहे आणि पटकथा पण त्यानेच लिहिलीये, त्यामुळे एकट्या माल्कोविचला दोष देता येत नाही.

दुसरी तक्रार भाषेची, आणि ही मला जास्त खुपली. सगळे जण इंग्लिश बोलतात, बार्देमचा स्पॅनिश हेल, मोरांतेचा इटालियन हेल, बाकीच्यांचे आणखी वेगळे, मधूनच थोडी केचुआ, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या मूळ रहिवाशांची भाषा. काही ठिकाणी वाक्यच कळत नाही, सबटायटल लावूनच बघा. पण नुसतं ऐकायला विचित्र वाटतं एवढाच प्रॉब्लेम नाहीये. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये रिपोर्ट दिला, त्यात या हिंसाचाराच्या सगळ्या काळात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांचा अंदाज ६९ हजारांच्या वर आहे आणि दर चारातल्या साधारण तिघांची मातृभाषा केचुआ किंवा तिथलीच दुसरी एखादी होती. म्हणजे खरा मार बसला तो आयाकुचोसारख्या डोंगराळ भागातल्या गरीब शेतकऱ्यांना, ज्यांच्या नावाने गुझमान क्रांती करत होता त्यांनाच, आणि त्यांना एकीकडून शायनिंग पाथवाले मारत होते, दुसरीकडून लष्कर. पिक्चरमध्ये हे लोक येतात, दोनचार सीन करतात आणि जातात. लष्कर किती बेकार वागतं ते दाखवलंय, राष्ट्राध्यक्षांच्या आजूबाजूची माणसं किती किडलेली आहेत तेही, पण सगळं राजधानीच्या खिडकीतून. एझेकिएलच्या मागे पोरं जीव द्यायला का तयार होतात हे तर कळतच नाही. गुझमान फिलॉसॉफीचा प्रोफेसर होता, आयाकुचोच्या युनिव्हर्सिटीत वर्षानुवर्षं शिकवून त्याने कार्यकर्ते तयार केले, त्यातला थोडा भाग जरी घेतला असता तर समोरचा माणूस नुसती सावली राहिला नसता.

तरी पण बघाच म्हणेन. सव्वादोन तासांच्या आसपास आहे, मधला भाग रेंगाळतो, खास करून रेहास घरी असतो तेव्हा. बायकोचं कॅरॅक्टर अगदी वरवरचं लिहिलंय, मेकअप आणि पार्टीच्या पलीकडे तिला काही दिलेलंच नाही, म्हणजे नवऱ्याला दुसरीकडे बघायला कारण मिळावं म्हणून ठेवलेली बाई. आल्बेर्तो इग्लेसियासचं म्युझिक मात्र कुठेही रडारड करत नाही, आणि सुरुवातीला वाजणारं नीना सिमोनचं गाणं, ते इतकं संथ की पुढे काय होणार याचा अंदाजच लागत नाही. कॅमेरा पण शांत, उगाच हलवाहलवी नाही. बॉम्बस्फोटाच्या सीनला माल्कोविच बॅकग्राउंडला काही वाजवत नाही, आणि म्हणूनच दचकायला होतं.

एकच करा, आधी गुझमानबद्दल वाचत बसू नका. पिक्चर बघा, मग त्या पथकाची खरी हकीकत शोधून वाचा. उलटं केलंत तर योलांदा पहिल्यांदा पडद्यावर येते तिथेच सस्पेन्स संपेल आणि पुढचा दीड तास तुम्ही रेहासवर चिडत बसाल की अरे बाबा, एवढा हुशार ना तू, जरा वर बघ की.